वाटीला पाय नसतात

देवा, रात्रपाळी संपवून आलोय. पाताळगंगेहून निघालेल्या कंपनीच्या गाडीनं आत्ता मला कोन फाट्यावर सोडलं. पायांत प्लांटचे बूट आहेत, म्हणून आत येत नाही. बाहेरच्या कट्ट्यावरूनच बोलतो. मी काय सांगणार ते तुला ठाऊक आहे, तरी सांगू दे. गेले अकरा दिवस मी ते कुणालाच सांगितलेलं नाही, घरीसुद्धा.

त्या रात्री पाळीप्रमुख मी होतो. दोन नंबरच्या टाकीची पातळी दाखवणारा काटा अडकला होता, हे पहाटे चारला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. टिचकी मारली, हलला नाही. वर चढून दांडीनं माप घेतलं, तर टाकी सत्तर टक्के भरलेली आणि काटा पन्नासवर. म्हटलं, पाळी देताना लिहू. साडेसहाला रजिस्टर उघडलं आणि तेवढ्यात एका पंपाचं सील गळायला लागलं. ते बघून परत येईपर्यंत सात वाजून गेले होते, खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. येणाऱ्या प्रमुखाला मी ‘सब ठीक’ म्हणालो, शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला आणि खाली सही केली. सही मात्र विसरलो नाही बघ.

पहिल्या पाळीनं त्या काट्यावर भरवसा ठेवून टँकर रिकामा करायला घेतला. धोक्याची घंटाही त्याच काट्यावर चालते, म्हणून तीही वाजली नाही. टाकी भरून वाहिली. कॉस्टिकचं पाणी बांधाच्या आत अडलं, ही तुझी कृपा. पण नळी जोडायला उभा असलेला ठेकेदाराचा मुलगा बांधाच्या आतच होता. त्याच्या गमबुटात ते शिरलं आणि घोट्याखालचं कातडं सोलून निघालं.

चौकशी झाली. अहवालात वाक्य आलं: पाळीबदलाच्या वेळी माहिती देण्यात त्रुटी राहिली. कुणाची, ते वाक्यात नाही. मुलाबद्दल मात्र स्वच्छ लिहिलंय, त्यानं सुरक्षासाधनं नीट वापरली नाहीत. त्याचा गेटपास थांबवला. मी त्या खोलीत होतो. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, ‘गडबडीत राहून गेलं असेल.’

देवा, ‘राहून गेलं’ हे क्रियापद तू माणसाला कशाला दिलंस? आमच्या मराठीत अशी दयाळू क्रियापदं ढिगानं आहेत. काच फुटते, दूध उतू जातं, किल्ली हरवते, फाइल मागे पडते. सगळं आपोआप. करणारा कुठे दिसतच नाही. लहानपणी मी एकदा ‘वाटी पडली’ म्हणालो, तर आईनं विचारलं होतं, ‘वाटीला पाय आहेत का?’ ‘पाडली’ म्हणेपर्यंत तिनं मला ताटावर बसू दिलं नाही. शाळेत पुढे कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकलो, पण खरं व्याकरण त्या दिवशी स्वयंपाकघरात झालं होतं. आज मी ‘माझ्याकडून राहून गेलं’ असं म्हणायलाही तयार आहे. पण त्यातही मी नळासारखा आहे, काहीतरी माझ्यातून गळून गेलं एवढंच. मला ‘मी लिहिलं नाही’ हे तीन शब्द हवेत. त्यांच्यासाठी आलोय.

आणखी लाज वाटावी अशी गोष्ट ही, की नव्या पोरांना पाळी देण्याघेण्याचा पाठ मीच देतो. 6 जुलै 1988ची पायपर अल्फाची गोष्ट सांगतो. उत्तर समुद्रातला तेल आणि वायूचा तो फलाट. दिवसपाळीनं एका पंपाची सुरक्षाझडप दुरुस्तीला काढली होती आणि जागी नुसतं झाकण बसवलं होतं. ते सांगणारा कागद रात्रपाळीच्या हाती पोचला नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच चालू केला आणि 167 माणसं गेली. गोष्ट संपली की मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो: बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं उरतं. पोरं वहीत उतरवून घेतात.

देवा, मला एवढंही स्वस्तात सोडवू नकोस की सगळा दोष माझाच म्हणून मी छाती पिटावी. त्यातही एक ऐट असते. काटा तपासायची तारीख दोनदा पुढे ढकलली, ती मी नाही. चौघांच्या कामावर दोघं ठेवले, ते मी नाही. भोपाळनंतर, 1987 साली, कारखाने कायद्यात कलम 7अ घालून सुरक्षेची जबाबदारी भोगवटादारावर टाकली गेली, ती उगाच नाही. पण त्याच कायद्याच्या कलम 111मध्ये कामगाराचंही कर्तव्य लिहिलं होतं. माझ्या पानात माझाच वाटा वाढ. साहेबांचा त्यांच्या पानात वाढ आणि तो वाढताना माझा हात मध्ये येऊ देऊ नकोस. त्यांचं मोठं आहे म्हणून माझं लहान दिसावं, हा हिशेब मी अकरा दिवस करतोय. तो काही जुळत नाही.

याच कोनमध्ये गिरणी कामगारांसाठीच्या इमारती आहेत. 2016 साली इथल्या सुमारे 2,400 घरांची सोडत निघाली, 160 चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून एक घर. मग करोना आला आणि त्या घरांत विलगीकरण केंद्र झालं. नंतर दारं, खिडक्या, नळ दुरुस्त केल्याशिवाय घरं देता येईनात. सोडतीत नाव लागलेली म्हातारी माणसं चाव्यांची वाट बघत वर्षांमागून वर्षं थांबली. त्या इमारतींवरून जाताना पूर्वी मी सरकारला शिव्या घालायचो. आता वाटतं, तिथेही कुठल्यातरी टेबलावर एक रकाना कोरा राहिला असेल, आणि तो कोरा ठेवणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन मुलाचा अभ्यास घेत असेल. माझ्यासारखाच. वाईट माणूस नसेल तो, देवा. गाडी सुटत होती, एवढंच.

मला भीती वाटते. घराचे हप्ते चालू आहेत, मार्चमध्ये बढतीची यादी लागेल. माझं नाव कापलं जाईल, कदाचित नोकरीही जाईल. भीती काढून घे असं मी मागत नाही, ती असू दे. फक्त बोलताना आवाज फुटू दे, आणि ‘गडबडीत’ हा शब्द तोंडात येऊ देऊ नकोस. ‘सगळ्यांकडूनच होतं’ असं साहेब म्हणालेच, तर त्या दयेवर मला विरघळू देऊ नकोस. माझी पाठ थोपटून त्या पोराचा गेटपास तसाच थांबवून ठेवला, तर मी तिथून उठू नये. एवढं माझ्याकडून करून घे.

त्या पोराचा पाय भरून येऊ दे. मी अजून त्याला भेटायला गेलेलो नाही. परवा त्याच्या घराच्या वळणापर्यंत गेलो होतो, हातात केळी होती. तसाच परत आलो आणि ती केळी आमच्या घरीच संपली.

रात्री वहीतला कागद फाडून चार ओळी लिहिल्यात, खिशात आहेत. काटा अडकलेला मी पाहिला, मी माप घेतलं, मी लिहिलं नाही, मी ‘सब ठीक’ म्हणालो. साहेब साडेनऊला येतात. पुढची एस.टी. पकडून मी परत पाताळगंगेला निघालोय. देवा, गेटापर्यंत तरी बरोबर चल.