चार शुभवर्तमाने आणि परिग्रह

गोल्डन कॉकरेल प्रेस या इंग्लंडमधील खाजगी छापखान्याने १९३१ साली चार शुभवर्तमानांचा ग्रंथ काढला. छापखाना बर्कशर परगण्यातल्या एका खेड्यात होता आणि रॉबर्ट गिबिंग्ज तो चालवत असे. प्रती ५००, त्यांतल्या १२ चर्मपत्रावर, बाकीच्या हातकागदावर. चित्रे आणि खिळ्यांचे वळण दोन्ही एरिक गिलची. पृथ्वीवर धन साठवू नका, असे सांगणारे मत्तयाचे शुभवर्तमान याच ग्रंथात आहे आणि श्रीमंत संग्राहक तो कुलपात ठेवतात.

या विसंगतीवर गिलपुरते उत्तर होते. १९१३ साली कॅथलिक झालेला हा कारागीर चोख कामालाच उपासना मानी. पण करणाऱ्याची उपासना विकत घेणाऱ्याच्या पदरात पडत नाही. फार तर, ग्रंथ जपल्याचे श्रेय त्याला द्यावे.

खरा पेच १९८९ नंतरचा. फिओना मॅकार्थी यांच्या चरित्रातून, गिलच्याच रोजनिशांच्या आधारे, त्याने स्वतःच्या मुलींवर केलेले लैंगिक अत्याचार उघड झाले. पापी हातांनी घडवलेले पवित्र पुस्तक पवित्र राहते का? ख्रिस्ती परंपरेत असा वाद जुना आहे. पतित धर्मगुरूने दिलेला बाप्तिस्मा उत्तर आफ्रिकेतले डोनाटपंथी बाद ठरवत. त्यांच्याविरुद्ध संत ऑगस्टिनचे म्हणणे असे, की संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या पापाने तो विटाळत नाही.

वाचकाला हा आधार पुरतो. वचने गिलची नव्हेत. संग्राहकाची मात्र अडचण होते. तीच वचने स्वस्त बायबलातही मिळतात. तो पैसे मोजतो ते गिलच्या हातासाठी. शिवाय इथे हात आणि वचन वेगळे काढणेही अवघड. गिलची ही चित्रे काष्ठकोरणीची (वुड एन्ग्रेव्हिंग). या तंत्रात लाकडाच्या आडव्या छेदावर ब्युरिन नावाच्या टोकदार हत्याराने कोरतात. कोरलेले पांढरे राहते, राखलेले काळे उमटते. ठोकळा खिळ्यांइतकाच उंच असल्याने चित्र आणि मजकूर एकाच दाबात छापता येतात. गिलने त्याचा पुरेपूर उपयोग केला. प्रकरणांच्या आरंभीच्या मोठ्या अक्षरांत त्याने माणसे अशी गुंफली आहेत, की आकृती झाकली तर शब्दही झाकला जातो.