वसईच्या इंग्रजी विभागाचे नवे दप्तर

शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने आखलेली नवी पदवीरचना २०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत अंमलात आली, आणि अभ्यासक्रमातले एखादे नाटक बदलायलाही जिथे वर्षांची मुदत लागे, त्या वसई-विरारच्या इंग्रजी विभागांचा शिरस्ता एका वर्षात पालटला. तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ श्रेयांक, चौथे वर्ष पुरे करणाऱ्यास १७६ पर्यंत, अशी ही जमाबंदी. तिच्यात मुख्य विषय, गौण विषय, मुक्त निवड, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रप्रकल्प अशी निरनिराळी खाती पडली, आणि कविता, नाटक, कादंबरी यांतच ज्याचे दप्तर आटोपत असे, त्या विभागाला इतर शाखांच्या विद्यार्थ्यांसाठीही तजवीज करणे भाग पडले.

यावर साहित्याच्या अध्यापकांची तक्रार अशी की, विषयाची प्रतिष्ठा गेली. तक्रारीत तथ्य नाही असे नाही. परंतु ती प्रतिष्ठा आली कोठून? ऑक्सफर्डने इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवीशाखा १८९४ साली सुरू केली. १८५७ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठात मात्र त्यापूर्वी कित्येक दशके इंग्रजी हा परीक्षेचा सक्तीचा विषय होता, आणि १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी न्यायमूर्ती रानडे यांना पुढे त्याच विद्यापीठात मराठीला स्थान मिळावे म्हणून खटपट करावी लागली. हुकुमाने आलेल्या विषयाने हुकुमाने होणाऱ्या बदलाविरुद्ध परंपरेची दाद मागावी, यात थोडा विनोद आहे.

माझा आक्षेप निराळा आहे. निर्मळ, गास, भुईगाव या गावांत सामवेदी समाजाची, हिंदू आणि ख्रिस्ती दोहोंची, कादोडी बोली नांदते; किनाऱ्यालगत वाडवळी आहे, आणि महामार्ग ओलांडून पूर्वेला गेले की वारली ऐकू येते. विभागातल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी आजी ज्या बोलीत लग्नाची गाणी म्हणते, तिच्याकडे विद्यापीठाच्या इंग्रजीने कधी फारसे पाहिले नाही. आणि गंमत अशी की, कोणी न मागता आलेल्या या नव्या रचनेतच त्याची वाट आहे. क्षेत्रप्रकल्प नावाचे जे खाते बहुधा छापील सर्वेक्षणे भरून निकालात निघेल, त्यात विद्यार्थ्यांनी ही गाणी, कहाण्या आणि म्हणी टिपून इंग्रजीत उतरवाव्यात. जी पंक्ती इंग्रजीत येण्यास नकार देईल तिच्यापाशी जे साहित्यशिक्षण होईल, ते आयत्या टिपणांतून व्हायचे नाही.

वसईला हे काम परके नाही. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय येथे उभे आहे ते संत गोन्सालो गार्सिया याच भूमीत जन्मले, जपानी शिकले, फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या शिष्टमंडळाचे दुभाषी म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे उभे राहिले, आणि १५९७ साली नागासाकी येथे हुतात्मा झाले. (रोमने त्यांना संतपद दिले तेही १८६२ सालीच, योगायोग म्हणून सोडून द्यावा.)

तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाला यासाठी सवड कोठून मिळणार, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शासनाने पदे भरूनच द्यायचे आहे. पण श्रेयांकांचे खाते आज उघडे आहे. अभ्यासमंडळाच्या सभासदांनी पुढल्या बैठकीत बोलींच्या अनुवादाला या क्षेत्रप्रकल्पात स्पष्ट मान्यता द्यावी, एवढी विनंती.