लेकरू कोणाचे?



पांढुर्णा-सौंसर भागातील मंडळी मठात येतात ती बहुधा लग्नाची तिथी विचारायला किंवा तान्ह्या बाळाच्या लिंगधारणेसाठी. परंतु कधी कधी दोन घरची वडीलधारी माणसे तोंडे फिरवून समोरासमोर बसतात, आणि पुष्कळ बोलणे झाल्यावर गोष्ट एकाच प्रश्नावर येऊन ठेपते. संसार तर मोडला, आता लेकरू कोणाचे? या प्रश्नाचा शरणांच्या दृष्टीने आणि कायद्याच्याही दृष्टीने विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्द पाहू. 'घटस्फोट' हा शब्द धर्मशास्त्रातला. पतिताला बाहेर टाकताना पाण्याने भरलेला घट दासीने पायाने उलथवायचा आणि आप्तांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडायचा, असा तो विधी होता. पुढे मराठीत हा शब्द काडीमोडीसाठी रूढ झाला, आणि बहिष्काराचा जुना भावही त्याच्याबरोबर आला. म्हणूनच दोघांपैकी एकाला पतित ठरविल्यावाचून आजही लोकांचे समाधान होत नाही. दुसरा शब्द 'ताबा'. ताबा शेताचा, घराचा, दुकानाचा घेतात. तिसरा शब्द 'पाल्य'. १८९० सालच्या कायद्याला मराठीत पालक व पाल्य अधिनियम म्हणतात. ज्याचे पालन करावयाचे तो पाल्य. त्यात हक्क लेकराचा आणि कर्तव्य मोठ्यांचे. भांडण पेटते ते तिसरा शब्द विसरून दुसरा धरल्यामुळे.

विभक्त होणे हेच पाप, असे कोणी म्हणेल तर त्याने अक्कमहादेवींचे चरित्र आठवावे. हरिहर कवीच्या कथनाप्रमाणे कौशिक राजाने मान्य केलेल्या अटी मोडल्या, तेव्हा त्या राजवाडा सोडून निघाल्या. आणि कल्याणच्या शरणांनी त्यांना आदराने आपल्यात घेतले. मारहाण, व्यसन किंवा फसवणूक यांनी सहवास असह्य झाला असता दूर होणाऱ्यास दोष देणे उचित नव्हे. 'लेकरासाठी सहन कर' असे सुनेला सांगणारे ती मारहाण रोज त्या लेकरालाही पाहायला लावतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमातच वीरशैव व लिंगायत यांचा नामनिर्देश आहे. त्यामुळे आपल्या विवाहांना तो लागू होतो. घटस्फोटाची कारणे १३ व्या कलमात आहेत, आणि परस्पर संमतीचा मार्ग १९७६ साली '१३ ब' या कलमाने खुला झाला. तरीही स्टँपपेपरवर फारकत लिहून, पंचांच्या सह्या घेऊन मोकळे होणारे लोक आढळतात. ज्या समाजात तशी रूढी सिद्ध करता येते तेथेच २९ वे कलम तिला मानते. एरवी त्या कागदाने लग्न सुटत नाही. आणि त्यात 'मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे' असे लिहिले असले तरी न्यायालय त्याने बांधले जात नाही. भावाबहिणीची ताटातूट करणारे असे वाटणीपत्र लिहिण्याचा अधिकार पंचांना कोणी दिला?

१९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात वडील आणि त्यांच्यानंतर आई असा नैसर्गिक पालकांचा क्रम आहे. पाच वर्षांखालील मूल मात्र सामान्यतः आईजवळ राहावे असे म्हटले आहे. या 'त्यांच्यानंतर'चा अर्थ पुढे उलगडत गेला. जिजाबाई गजरे यांच्या खटल्यात वडील हयात होते, पण अनेक वर्षे वेगळे राहत होते आणि मुलीकडे लक्ष देत नव्हते. तिच्या शेतजमिनीचा व्यवहार आईच पाहत असे. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने अशा आईलाच नैसर्गिक पालक मानले. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या प्रकरणात, वडिलांच्या मृत्यूनंतरच आई पालक होते असा अर्थ घेऊ नये, असे त्याच न्यायालयाने सांगितले. २०१५ साली गोव्यातील एका दांपत्याच्या प्रकरणात, इतके लहान मूल आईजवळ असणे हिताचे नाही असे ज्याचे म्हणणे असेल त्यानेच ते सिद्ध करावे, असा निर्णय झाला. या सर्वांच्या वर १३ वे कलम आहे : लेकराचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ विचार.

येथे एक शंका येते. ज्याने संसार मोडला त्याच्याकडे मूल का द्यावे? शंका स्वाभाविक आहे, पण तिच्यात दोन प्रश्नांची गल्लत होते. घटस्फोटाच्या दाव्यात दोष कोणाचा हे पाहता येते. मुलाच्या बाबतीत त्याचे हित कशात हे पाहावे लागते. मुलावरच उगारला जाणारा दोष असेल तर गोष्ट निराळी. एरवी मूल हे दंड म्हणून काढून घ्यावयाचे किंवा बक्षीस म्हणून द्यावयाचे नसते. अशी शिक्षा मोठ्याला दिली जाते आणि भोगतो लहान.

जातककथेत महोषध पंडित जमिनीवर रेघ ओढून मध्ये मूल ठेवतो आणि दोन दावेदार स्त्रियांना त्याला ओढायला सांगतो. मूल रडताच जी हात सोडते ती खरी आई ठरते. आमच्यापुढे बसणाऱ्यांचा पेच याहून कठीण आहे. येथे दोघेही खरे असतात, आणि जो हात सोडील तो मुलाला मुकेल अशी दोघांनाही भीती असते. म्हणून ओढणे थांबत नाही. ही भीती घालविणे हे समाजाचे काम आहे. जो सोडतो तो हरला, असे म्हणणे आपण बंद केले पाहिजे.

पांढुर्ण्याची गोटमार सर्वांना ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते, आणि मध्ये पळसाच्या झाडावर झेंडा असतो. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी नेली, दोन्ही काठांवरून दगड आले आणि ती दोघे पात्रातच संपली, अशी कथा सांगतात. विदर्भात तोच दिवस तान्ह्या पोळ्याचा, लेकरांनी लाकडी बैल मिरविण्याचा. कोर्टकचेरीत उतरलेल्या दोन घरांच्या मध्ये आज पात्रात लेकरू उभे असते. दगड एकमेकांना मारलेले, लागतात त्याला.

या भागात तर दोन काठ म्हणजे दोन राज्ये होतात. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा जबलपूरच्या उच्च न्यायालयाखाली येतो, आणि सोयरीक असते काटोल, वरूड, नागपूरकडे. पालकत्वाचा अर्ज मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयात करावयाचा असतो. म्हणून कोणी सुटीत आजोळी आलेले मूल परत पाठवीत नाही, तर कोणी रातोरात सीमेपलीकडे नेऊन तेथल्या शाळेत नाव घालतो. लेकराच्या आजोळाचाच असा पुरावा होतो.

शरणांनी दासोह शिकविला. जे हाती आले ते आपले नव्हे, लिंगाचे. आपण केवळ सांभाळणारे. धान्य आणि धन यांना आपण हा न्याय लावतो, मग लेकराला का लावू नये? जन्मताच त्याच्या अंगावर लिंग आले, त्याच दिवशी ते शिवाची ठेव झाले. ठेव सांभाळणारे दोघे वेगळ्या घरी राहू लागले म्हणून ठेवीची वाटणी होत नाही. पती-पत्नी हे नाते न्यायालयात संपू शकते. आई आणि बाप ही नाती संपविणारे कलम कोणत्याही घटस्फोटात नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. मुलासमोर दुसऱ्याची निंदा करू नये. 'भेट दिली तर पोटगी, पोटगी दिली तर भेट' असा सौदा करू नये. पोटगी लेकराच्या अन्नाची आहे आणि भेट त्याच्या मनाची. आजी-आजोबांनी आपला मान बाजूला ठेवून नातवाचा सण दोन्ही घरी होऊ द्यावा. मूल जाणते असेल तर त्याचे म्हणणे ऐकावे, पण 'तुला कोण हवे' असे चारचौघांत विचारून त्याला साक्षीदार करू नये. पंचांनी समेटाचा प्रयत्न जरूर करावा, आणि तो न साधल्यास दोघांना वकिलाकडे व न्यायालयाकडे पाठवावे.

लेकरू कोणाचे, हा प्रश्न मुळात आपण उलटा विचारतो. त्या लेकराचे कोण कोण आहेत, एवढे दोन्ही घरांनी मोजावे. मोजणीत एकही माणूस कमी होऊ न देणे, हाच येथे दासोह.

शरणु शरणार्थी.