शांघायची ती सर्व्हिस

2014 साली, वयाच्या अवघ्या 19व्या वर्षी, जागतिक क्रमवारीत 144वा असलेल्या ज्या निक किर्गिओसने विम्बल्डनच्या हिरवळीवर नदालसारख्या धुरंधराला पराभूत केले, त्याच्यावर प्रेक्षकांनी आपल्या अपेक्षांची सारी पुंजी लावावी, हे स्वाभाविकच होते. पुढे ऑक्टोबर 2016 मध्ये शांघायला मिशा झ्वेरेवविरुद्ध खेळताना त्याने सर्व्हिसचा चेंडू, लहान मुलाला टोलवायला द्यावा तसा, हलकेच पलीकडे ढकलला आणि तो परत येतो की नाही हे पाहण्याची तसदीही न घेता तो आपल्या खुर्चीकडे चालू लागला. प्रेक्षकांतून कोणी हटकले, तर त्याच्याशीच हुज्जत! व्यावसायिक टेनिसच्या संघटनेने दंड केला, 8 आठवड्यांच्या बंदीचा हुकूम काढला आणि क्रीडामानसतज्ज्ञाकडे रुजू झाल्यास 5 आठवडे माफ करण्याची सवलतही ठेवली. परंतु तिकीट काढून आलेल्या माणसाची फिर्याद कोणत्या कचेरीत दाखल व्हावी? तो संतापला, हे खरे. पण सामान्य वकुबाच्या खेळाडूवर इतके संतापतो कोण? 2022 साली तोच किर्गिओस विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात जोकोविचसमोर उभा राहिला, तेव्हा त्याचे नाव कायमचे टाकल्याचे सांगणारे आम्ही कित्येकजण पहिल्या सर्व्हिसआधीच दूरचित्रवाणीसमोर जागा धरून बसलो होतो.