पाळणे हा शब्द

आपल्या मराठीत एकच क्रियापद दोन कामांना लावतात. एकादशी पाळतात, आणि ससाही पाळतात. नेम पाळणारा मनुष्य स्वतःस बांधून घेतो. जनावर पाळतो म्हणणारा मात्र बहुधा त्या जनावरासच बांधतो. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ का व्हावेत, याचा थोडा विचार वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते.

हल्ली शहरांतच नव्हे, तालुक्याच्या गावीही घरात पांढरा ससा दिसतो. मुलांनी बाजारात पाहिला, हट्ट धरला, आणला. माळकऱ्याच्या घरास तर तो सोयीचाच. कुत्र्या-मांजराच्या खाण्यावरून जो पेच पडतो तो येथे नाही. हा बिचारा गवत खाणारा. "आमचा ससा म्हणजे घरातला वैष्णवच!" असे कौतुकाने म्हणतात. कौतुक गोड खरे, पण त्याने सशाचे पोट भरत नाही.

हा जीव कोण, ते आधी पाहू. घरी पाळतात तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या रानसशाच्या वंशातला. आपल्या शिवारात दिसतो तो ससा निराळा. त्यास धरून घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरच्या सशाचे दात जन्मभर वाढतात. ते झिजावेत म्हणून वाळलेले गवत त्याच्यापुढे सदैव हवे. १२ तास पोटात काही गेले नाही तर आतडी मंदावून जिवावर बेतते. तेव्हा गुरांच्या डॉक्टरांकडे धावावे लागते. म्हणजे आपली एकादशी त्यास लागू नाही, आणि द्वादशीचा पेढाही नाही. गोडाने त्याचे पोट बिघडते. तो आपलीच मऊ लेंडी खातो, तेव्हा पाहणारा शी-शी करतो. अहो, गाय रवंथ करते त्यातलाच तो प्रकार! गवतातले उरलेले सत्त्व तो दुसऱ्यांदा घेतो, इतकेच.

आता मुद्द्याची गोष्ट. ससा हा कितीएक प्राण्यांचे भक्ष्य. म्हणून दुखणे लपविणे हा त्याचा स्वभावच झाला आहे. त्यास उताणा केला की तो निपचित पडतो. घरची मंडळी म्हणतात, "बघा, कसा सुखाने निजलाय!" वास्तविक ते भय असते. वैऱ्याच्या तावडीत सापडलेला जीव मेल्यागत पडतो, तसे ते पडणे. आमच्या मते माया आणि दया यांतला भेद येथे उघडा पडतो. माया त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्या सोयीने लावते. दया विचारते, "बाबा रे, तुला काय हवे?" आणि त्यास बोलता येत नाही म्हणून उरलेल्या गवताकडे, कमी पडलेल्या लेंड्यांकडे पाहून उत्तर शोधते. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकतो! त्यांच्या हातात साखळी नव्हती, हेही ध्यानात घ्यावे.

कोणी म्हणेल, "मग सोडून द्या ना रानात! बंधन कशाला?" वरवर हे वैराग्य वाटते. परंतु पिढ्यानपिढ्या माणसाच्या हातून वाढलेला हा जीव रानात कुत्र्या-मांजराच्या तोंडी जावयाचा. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात विनाकारण सोडून देणे हा अपराध आहे, आणि हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हाही. तेव्हा त्याचे मोकळेपण घरातच शोधले पाहिजे. पायाखाली घसरणार नाही असे पोते अंथरावे, कुरतडू नये म्हणून विजेच्या तारा वर बांधाव्यात, चैत्र-वैशाखात गारव्याची जागा द्यावी. ३० अंशांपलीकडचा उकाडा त्यास सोसत नाही.

खरी परीक्षा वारीच्या वेळी होते. आळंदीहून निघालेली पावले पंढरीस पोचावयास सुमारे १८ ते २० दिवस लागतात. दिंडीच्या गलक्यात ससा न्यावा तर तो भयानेच अर्धमेला होईल. चार दिवसांचे गवत टाकून दारास कुलूप लावावे, तर ते पाप कोणाच्या माथी? वारी चुकवा असे आम्ही म्हणत नाही. पण ससा नीट सांभाळला तर ८ ते १० वर्षे जगतो. तितक्या आषाढ्यांची व्यवस्था तो घरी येण्याआधीच मनात ठरली पाहिजे. तशी ठरत नसेल तर मुलांस गोडीने समजवावे, आणू नये. त्यात कमीपणा काही नाही.

आणि गावात वृद्धपणामुळे ज्यांचे वारीस जाणे होत नाही अशी मंडळी असतातच. शेजारचा वारकरी निघाला की त्यांनी दोन वेळ त्याच्या सशाचे गवत-पाणी पाहावे. त्यांनीही नेमच पाळला, असे आम्ही समजतो.