घर सोडलेला विजेता

माणसाची योग्यता ठरविताना त्याने आपला पराक्रम कोणाच्या छत्राखाली केला, याचा विचार कितपत करावा, हा प्रश्न जुनाच आहे. तो आमच्यापुढे पुन्हा उभा राहिला, तो मात्र अगदी अनपेक्षित निमित्ताने. मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी मोटारींच्या शर्यतीचे मैदान असण्याचा संभव नाही. बालाघाटाच्या चढउतारांवरून नांदेडची एस. टी. वेळेवर पोचली, तरी आम्ही चालकाचे मनातल्या मनात आभार मानतो. तथापि तारुण्यास भूगोलाची अडचण पडत नसते. आमच्या तर्कशास्त्राच्या वर्गातील दोन विद्यार्थी लुइस हॅमिल्टन या इंग्लिश शर्यतपटूवरून इतके हातघाईवर आले की, शेवटी दोघांनीही आम्हांस पंच नेमले.

हॅमिल्टनची हकीकत थोडक्यात अशी. १९९८ मध्ये, तो अवघा तेरा वर्षांचा असताना, मॅक्लॅरन या संघाने त्यास आपल्या पंखाखाली घेतले. २००८ मध्ये त्याच संघाकडून तो जगज्जेता झाला. २०१३ मध्ये तो मर्सिडीज संघाकडे गेला आणि तेथे आणखी सहा विजेतेपदे मिळवून त्याने मायकेल शूमाकरच्या सातांशी बरोबरी केली. पुढे २०२५ मध्ये, वयाची चाळिशी गाठल्यावर, तो फेरारीकडे गेला. चीनमधील एक आखूड शर्यत त्याने जिंकली. परंतु त्या संपूर्ण वर्षात मुख्य शर्यतींत पहिल्या तिघांत त्यास एकदाही स्थान मिळाले नाही. यावर आमचा एक विद्यार्थी म्हणे, "सातही विजेतेपदे गाडीची होती, गाडी सुटली आणि माणूस उघडा पडला. शिवाय ज्यांनी लहानाचा मोठा केला त्यांना सोडून जातो, तो कसला मोठा?" दुसरा विद्यार्थी हॅमिल्टनचा भक्त होता, तो रागाने बोलत होता, युक्तीने नव्हे, म्हणून त्याचे म्हणणे येथे देण्याचे कारण नाही.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, एका श्वासात उच्चारलेले हे आरोप वस्तुतः दोन आहेत. यश कोणाचे, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. आणि घर सोडण्याचा अधिकार त्यास होता काय, हा नीतीचा.

पहिल्याची अडचण ज्यांनी आमच्याकडील शंकरपट पाहिला आहे त्यांस सहज कळेल. पट जिंकला म्हणजे गुलाल बैलांवर पडतो, नाव मालकाचे होते, आणि जीव मुठीत धरून जोडी हाकणारा धुरकरी कोण, हे पुष्कळांस ठाऊकही नसते. मोटारींच्या शर्यतीत नेमके उलट घडते. तेथे शेकडो कारागिरांनी घडविलेल्या यंत्राचे श्रेय एकट्या सारथ्याच्या गळ्यात पडते. खरे पाहता दोन्ही वाटण्या अन्यायाच्याच. मग यातून सारथ्याचा वाटा वेगळा काढावा कसा? लोक म्हणतात, घर बदलले की कळते. अर्जेंटिनाच्या फॅन्जिओने १९५१ ते १९५७ या काळात पाच जगज्जेतेपदे चार निरनिराळ्या कारखान्यांच्या गाड्यांवर मिळविली, हा त्यांचा आवडता दाखला. परंतु तर्कशास्त्राचा प्राथमिक नियम असा की, प्रयोगात एकच गोष्ट बदलावी. घर बदलताना गाडी बदलते, कारागीर बदलतात, भाषा बदलते, आणि माणसाचे वयही तेच राहत नाही. शूमाकर २०१० मध्ये परत येऊन तीन वर्षे मर्सिडीजच्या गाडीत बसला, आणि त्या तीन वर्षांत एकदाच, २०१२ मध्ये, तिसरा आला. एवढ्यावरून त्याची आधीची सात विजेतेपदे कोणी पुसून टाकली काय?

खरी कसोटी घर बदलण्यात नसून घरातच असते. या शर्यतींत प्रत्येक संघाच्या दोन गाड्या असतात, आणि त्या बहुतेक जुळ्या बहिणींसारख्या. मर्सिडीजच्या दुसऱ्या गाडीत निको रोझबर्ग होता. त्यास हॅमिल्टनने २०१४ व २०१५ मध्ये मागे टाकले आणि २०१६ मध्ये स्वतः त्याच्यामागे राहिला. तेव्हा विजेतेपदे केवळ गाडीची होती, हे म्हणणे टिकत नाही. मात्र हीच कसोटी लावावयाची तर २०२५ मध्ये फेरारीच्या दुसऱ्या गाडीत बसलेल्या शार्ल लक्लेरने पहिल्या तिघांत अनेकदा स्थान मिळविले, हेही सांगितले पाहिजे. याचा अर्थ इतकाच की, २०२५ मधील हॅमिल्टन त्या घरात कमी पडला. यावरून २०१४ मधील हॅमिल्टनविषयी काहीही सिद्ध होत नाही. श्रीकृष्णाच्या पश्चात यादवस्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनास वाटेत आभीरांनी लुटले. गांडीव तेच होते, हात तेच होते. महाभारतकाराने हा प्रसंग लपविला नाही, आणि त्यामुळे कुरुक्षेत्रावरील अर्जुन खोटा ठरतो असेही तो कोठे म्हणत नाही.

दुसरा आरोप अधिक गंभीर आहे, कारण तो आपल्या घरापर्यंत येतो. सांगलीचे विजय हजारे १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राकडून खेळले व बडोद्याच्या संघाविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. थोड्याच काळात ते बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले आणि ज्यांच्या गोलंदाजांस त्यांनी घाम फोडला होता, त्यांच्याकडूनच खेळू लागले. १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी व गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली, तीही बडोद्यासाठी. भाऊसाहेब निंबाळकरांची कथा तर याहून विलक्षण. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ धावांवर होते. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या ४५२ च्या विक्रमाशी बरोबरी करण्यास अवघ्या नऊ धावा उरल्या असता प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला. हे निंबाळकर बडोद्याकडून खेळले, होळकरांकडून खेळले, पुढे मध्य प्रदेश, राजस्थान, रेल्वे असे किती संघ झाले. कसोटी सामना मात्र त्यांस एकही मिळाला नाही. त्या काळी क्रिकेटपटूची भाकरी संस्थानिकाच्या पदरी किंवा एखाद्या खात्याच्या नोकरीत असे. होळकरांचा तो संघ अकरा हंगामांत दहा वेळा अंतिम सामन्यात पोचला, चार वेळा करंडक जिंकला, आणि १९५५ मध्ये संपला. ज्या घरास स्वतःच्या उद्याची खात्री नाही, त्याने पाहुण्याकडून आजन्म निष्ठा कशाच्या बळावर मागावी?

महाराष्ट्राचे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर आपल्या प्रांतास धरून राहिले, याचा आम्हांस आमच्याच पेशाचे म्हणून थोडा अभिमान वाटतो. पण ते पुण्यात संस्कृत शिकवीत आणि त्याचे वेतन त्यांस मिळे, हेही विसरून चालणार नाही. आमच्या तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. त्यांस कोणी गावद्रोही म्हणत नाही. तेच पाऊल एखाद्या कीर्तिमान पुरुषाने उचलले की विभीषणाचे उदाहरण निघते!

येथे कोणी म्हणेल की, पोटासाठी जाणे निराळे आणि कोट्यधीशाने जाणे निराळे. हे आम्हांस मान्य आहे. हॅमिल्टन भाकरीसाठी फेरारीकडे गेला नाही. पण मग दुसऱ्या पक्षाचेही पाहा. हॅमिल्टन येणार हे १ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाले, आणि त्याबरोबरच कार्लोस साइन्झ या फेरारीच्या चालकाची जागा गेली. पुढच्याच महिन्यात साइन्झने, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेस जेमतेम पंधरवडा झाला असता, ऑस्ट्रेलियातील शर्यत त्याच संघास जिंकून दिली. जागा त्यास परत मिळाली नाही. संघाने माणूस सोडला तर तो व्यवहार, माणसाने संघ सोडला तर तो कृतघ्नपणा, ही नीती कोणत्या शास्त्रातली?

असे असता आपण सोडून जाणाऱ्यावर इतके का रागावतो? याचे उत्तर आम्हांस पुस्तकांत सापडले नाही. ते आमच्याजवळच होते, आणि सांगावयास लाज वाटते.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याने मुखेड सोडून शहरातील महाविद्यालयात जाण्याचे ठरविले. इंग्रजी काव्य शिकविण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नव्हता. त्यांस घरची अडचण नव्हती, पैशाची हाव नव्हती. त्यांस मोठे ग्रंथालय हवे होते, इतकेच. निरोपसमारंभात आम्ही भाषण केले आणि त्यात, तळे आटू लागले की पक्ष्यांना दिशा आठवतात, असे एक वाक्य घातले. सभेने टाळ्या वाजविल्या. सहकारी हसले, त्यांच्या पत्नीने मात्र मान खाली घातली, ते आम्ही व्यासपीठावरून पाहिले. पुढे शहरात ते म्हणावे तसे चमकले नाहीत. अपेक्षिलेला ग्रंथ झाला नाही, आणि नव्या विद्यार्थ्यांत त्यांचे नाव फारसे कोणी घेईना. ही वार्ता अधूनमधून आमच्या कानी येई तेव्हा आम्ही तोंडाने हळहळत असू; पण मनाच्या तळाशी जे काही होते त्यास हळहळ म्हणता येणार नाही. आम्ही येथेच राहिलो, ते निष्ठेने की केवळ धाडस झाले नाही म्हणून, हा प्रश्न आम्हांस कधी सुटला नव्हता. आणि त्यांच्या अपयशाने तो परस्पर आमच्या बाजूने सुटल्यासारखा वाटे. निवाडा देणारेच पक्षकार होते.

वास्तविक त्यांनी येथे शिकविलेली अकरा वर्षे कोठे गेली नव्हती. कंधार, देगलूर, मुखेड या तालुक्यांतील शाळांत आज इंग्रजी शिकविणाऱ्या कित्येकांच्या उच्चारांत ते अद्याप ऐकू येतात. कवितेच्या ओळीच्या मध्यावर थांबून वर्गाकडे पाहण्याची त्यांची लकबही काहींनी उचलली आहे.

विद्यार्थ्यांस आम्ही अजून निकाल दिलेला नाही. ते दर सोमवारी आठवण करतात. गेल्या उन्हाळ्यात ते सहकारी निवृत्त होऊन एका लग्नासाठी इकडे आले, तेव्हा आवर्जून महाविद्यालयात आले. त्या भाषणाचा विषय त्यांनी काढला नाही आणि आम्हांसही काढवला नाही. ग्रंथालयाच्या दाराशी उभे राहून त्यांनी विचारले, "सर, त्या खिडकीजवळच्या कपाटाला वाळवी लागली होती, ती गेली का हो?" वाळवी गेलेली नव्हती. आम्ही "गेली" म्हणून सांगितले, आणि त्यांस दुसऱ्या बाजूने आत नेले.