पांडुरंगाने आणलेलं नाणं

तुंबाड हे कोकणातलं गाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे मराठी वाचकाच्या ओळखीचं. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ सालच्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाने कादंबरीचं नाव तेवढं घेतलं. त्यातल्या भयाचा धागा नारायण धारपांच्या कथांकडे जातो. पुढची गोष्ट त्या चित्रपटातली. बहुतेकांच्या लक्षात राहिला तो त्यातला राक्षस. माझ्या मनात घर केलं ते त्यातल्या बापलेकांनी.

साल १९१८. तुंबाडात पाऊस काही केल्या उघडत नाही. एका सोन्याच्या मोहरेच्या आशेवर विनायकची आई वाड्यावरच्या म्हाताऱ्या सरकारांपाशी राबते आहे. सरकार गेले, मोहर हाती आली, पण त्याच दिवसांत धाकटा मुलगा गेला. वाड्यात मोठा खजिना आहे हे विनायकच्या कानावर आलं होतं. आई त्याला घेऊन पुण्याला निघाली, आणि पुन्हा तुंबाडात पाऊल टाकणार नाहीस असं वचन तिने त्याच्याकडून घेतलं. तिची हाव एका मोहरेशी थांबली होती.

विनायक मोठा झाला आणि वचन मोडून परतला. वाड्यातल्या विहिरीच्या तळाशी एका देवीचं गर्भाशय, आणि आत तिचा थोरला लेक हस्तर. त्याने देवीचं सगळं सोनं बळकावलं होतं. धान्याला हात घातला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. तेव्हापासून कमरेला अमाप सोनं आणि पोटात न विझणारी भूक. विनायक दोराने खाली उतरायचा, पिठाचं रिंगण आखायचा, कणकेची बाहुली पुढे टाकायचा. हस्तर तिच्यावर झडप घाली, तेवढ्यात त्याच्या लंगोटातून गळतील तेवढी नाणी वेचायची आणि जीव घेऊन वर यायचं. पुण्यात मोहरा मोडायच्या, चैन करायची, पैसे सरले की पुन्हा विहीर.

एवढ्यावर राहिलं असतं तर एका माणसाचं वाटोळं झालं असतं. पण विनायकने मुलाला, पांडुरंगाला, हा धंदा शिकवायला घेतला. पहिल्या खेपेला बाहुली आणायची नाही, अशी सक्त ताकीद दिली होती. पोराने ती चोरून आणलीच. वास लागताच हस्तर जागा झाला. दोघे कसेबसे वाचले. वर आल्यावर बापाचा राग उफाळला. पोराने हळूच मूठ उघडली. तळहातावर सोन्याचं नाणं होतं. बापाचा राग कुठल्या कुठे गेला!

राक्षसापेक्षा मला हीच जागा जास्त भयानक वाटते. विनायक त्या क्षणी रागावलेलाच राहिला असता, तर पोरगा कदाचित या हावेतून वाचला असता. आज्ञा मोडली तरी चालते, मूठ भरलेली हवी, हे पांडुरंग बापाच्या तोंडावरच्या हसण्यातून शिकला.

आणि पक्कं शिकला. १९४७ साली वाडा सरकारजमा होणार असं दिसू लागलं, तेव्हा नाणी वेचण्याऐवजी अख्खा लंगोटच आणू, एकाऐवजी ढीगभर बाहुल्या नेऊ, ही कल्पना त्याचीच. दोघे खाली उतरले, आणि जितक्या बाहुल्या, तितके हस्तर समोर उभे राहिले. तेव्हा मात्र विनायकने त्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधल्या आणि सगळे हस्तर आपल्यामागे ओढून घेतले. मुलासाठी केलेला त्याचा हा एकच सौदा होता.

हस्तरच्या तावडीत सापडून विद्रूप झालेला विनायक विहिरीबाहेर आला तेव्हाही सोन्याने भरलेला लंगोट त्याच्या हातात होता. त्याने तो मुलापुढे धरला. पांडुरंगाने रडत मान हलवली, नको म्हणाला, आणि बापाला अग्नी दिला.

लंगोट त्याने घेतला नाही.